पायांचं कौतुक

मुलीने लावून दिलेली ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ मी विणता विणता अर्धवटच बघत होते. २००६ ते २०११ या काळातली अमेरिकन मालिका. टेक्सासमधलं डिलन नावाचं काल्पनिक गाव, आणि सगळं गाव शाळेच्या फुटबॉलपायी वेडं. त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं.

पहिल्या पर्वात सहायक प्रशिक्षक मॅक मॅगिल पत्रकाराला बोलून जातो, की काळी मुलं पळण्यात उपजतच तरबेज. डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकचं काम निराळं. त्याला वाटतं, आपण कौतुकच केलं. स्मॅश विल्यम्स आणि इतर काळी मुलं मात्र सराव सोडून निघून जातात. पाय आमचे आणि डोकं दुसऱ्याचं, हे त्यांना बरोबर कळलेलं असतं.

माझे टाके थांबले. “तुम्हा जैनांच्या रक्तातच व्यापार,” असं मलाही ऐकावं लागतं. मी म्हणते, “अहो, माझे वडील बेळगावकडे ऊस लावायचे!” पण मागच्याच आठवड्यात मी आमच्या कामवाल्या मावशींना म्हटलं होतं, “तुम्हा लोकांचं अंगच काटक बाई.” त्या फरशी पुसत राहिल्या.

पुढे पोलीस संघाची बस अडवून एका काळ्या मुलाला उतरवू पाहतात, तेव्हा हाच मॅक आडवा येतो. म्हणून आधीचं बोलणं पुसलं जातं का? मला नाही वाटत.

सकाळी मावशींपुढे चहा ठेवला. “पाठ दुखते का हो तुमची?”

“रोजच की,” त्या म्हणाल्या.