थुंब्याचे चर्च आणि अम्मींचा प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नेत्रावती एक्सप्रेसने रत्नागिरीहून तिरुवनंतपुरमला गेलो. मी, माझे पती, नववीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना घरात सगळे अम्मीच म्हणतात. त्या आल्या फिरायला म्हणून. रॉकेटचे वेड मुलीला, आणि खरे सांगायचे तर मलाही. वर्गात कलाम साहेबांची गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की ती जागा न पाहता पुन्हा सांगायची लाज वाटू लागली होती.

थुंबा शहराच्या उत्तरेला, अगदी समुद्राला लागून. ओळखपत्रे दाखवून आत गेलो, तर समोर जुने चर्च. संत मेरी मॅग्डलीनच्या नावाचे. आज तिथे अंतराळ संग्रहालय आहे. साठ वर्षांपूर्वी भारताचे रॉकेटचे काम या भिंतींच्या आत सुरू झाले.

‘‘एवढा देश सोडून इथेच का?’’ मुलीने विचारले. कारण भूगोलाचे आहे. मोकळी टांगलेली चुंबकसूची आपल्याकडे उत्तरेच्या टोकाने थोडी खाली झुकते. थुंब्याजवळून पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त जाते, तिथे ती जवळजवळ आडवी राहते. अशा पट्ट्यावर सुमारे १०० ते ११० किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा एक जोरदार प्रवाह वाहतो. तो अभ्यासायचा कसा? फुगे तितके वर जात नाहीत आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. मधल्या जागेत काही मिनिटे जाऊन येणारे छोटे रॉकेटच पाहिजे. म्हणून डॉ. विक्रम साराभाईंची नजर या मच्छीमार गावावर पडली.

पण गावात माणसे होती, चर्च होते. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्याकडे गेले. बिशपनी परस्पर हो म्हटले नाही. रविवारच्या प्रार्थनेत त्यांनी लोकांसमोर प्रश्न ठेवला आणि सगळी सभा ‘आमेन’ म्हणाली. ही हकीकत कलाम साहेब आवर्जून सांगत. ‘आमेन’ म्हणजे आपले ‘आमीन’च.

मी हे रंगात येऊन सांगत होते. अम्मी मध्येच म्हणाल्या, ‘‘आणि ती माणसं गेली कुठं?’’

अम्मींचे माहेरचे घर बंदराच्या कामात गेले. मोबदला मिळायला वर्षे लागली. मी म्हटले, दुसरीकडे वसवले, नवे चर्चही बांधून दिले. ‘‘बांधलं असेल,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण घरातून समुद्र दिसत होता का?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. वर्गात इतकी वर्षे ही गोष्ट सांगितली, ‘आमेन’पाशी थांबून. आपल्या मोहल्ल्याची मशीद कोणी अशी मागितली असती, तर आपण काय म्हटले असते, हेही त्या दिवशी पहिल्यांदाच मनात आले.

‘अग्निपंख’मध्ये कलाम साहेबांनी लिहिले आहे, की प्रार्थनेची खोली त्यांची पहिली प्रयोगशाळा होती आणि बिशपच्या खोलीत आराखडे तयार होत. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिले रॉकेट उडाले, ते अमेरिकेचे ‘नाइके-अपाचे’. जोडणी आणि सुरक्षेची जबाबदारी कलाम साहेबांकडे होती. ऐनवेळी क्रेनचे तेल गळू लागले, तेव्हा सगळ्यांनी हाताने जोर लावून रॉकेट चढवले. रॉकेटचे टोक सायकलवरून नेतानाचे प्रसिद्ध छायाचित्र आहे ना, ते इथलेच. बैलगाडीवरच्या उपग्रहाचे मात्र इथले नाही! मुले हमखास गल्लत करतात. तो ‘ॲपल’, १९८१ चा. त्याच्या ॲन्टेनाच्या चाचणीत धातूचा अडथळा नको, म्हणून लाकडी गाडी घेतली होती.

चार वर्षांनी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, आपले स्वतःचे ‘रोहिणी-७५’ उडाले. ७५ म्हणजे जाडी, मिलिमीटरमध्ये. चहाच्या कपाच्या तोंडाएवढी! मुलीने बोटांनी माप घेऊन पाहिले आणि हसली. तिला अकरावीला विज्ञान घ्यायचे आहे. कॉलेज लांब, एस.टी.ची अडचण, म्हणून घरात अजून ‘बघू’ चालले आहे. त्या हसण्याकडे तिच्या अब्बांनीही पाहिले.

संध्याकाळी शंखुमुखमच्या किनाऱ्यावर बसलो. सूर्य नुकताच बुडाला होता. १९६३ चे ते रॉकेट अशाच मगरिबच्या वेळी सोडले होते, आणि वेळ मुद्दाम निवडलेली. त्याने सोडियमची वाफ सोडली. खाली अंधार पडलेला, पण इतक्या उंचीवर ऊन अजून पोहोचत होते. त्यामुळे वाफेची नारिंगी रेघ दूरवरच्या लोकांना दिसली. ती कशी वाकडी होत जाते, यावरून तिथल्या वाऱ्याचा वेग काढला. मुलगी हे आजीला समजावत होती आणि दोघी ईदचा चंद्र शोधावा तशा पश्चिमेकडे बघत होत्या.

‘‘याचा मासे मारणाऱ्याला काय उपयोग?’’ अम्मी.

उपयोग आहे. आज उपग्रह समुद्राचा रंग आणि पाण्याचे तापमान टिपतात. त्यावरून मासा कुठे सापडू शकेल याची दिशा, अंतर आणि खोली हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेकडून मच्छीमारांना कळवली जाते. अम्मींच्या भाच्याची होडी आहे. त्यांनी लगेच फोन लावायला सांगितला.

‘‘येतो की संदेश,’’ तो म्हणाला. ‘‘कधी लागतो, कधी नाही. पण आत्या, डिझेल केवढ्याला झालंय ठाऊक आहे का?’’

मग दोघे बराच वेळ डिझेलवरच बोलत राहिले.