चोच आणि चारा

ज्यानं चोच दिली तो चाराही देईल. ही म्हण सध्या माझ्या डोक्यातून जात नाही. लहानपणी मी ती ऐकली ती नेहमी कुणाला तरी धीर देताना. घरात पाचवं-सहावं मूल येऊ घातलं आणि बापाच्या कपाळाला आठी पडली, की कुणी तरी वडीलधारं माणूस ती म्हणायचं आणि विषय तिथेच संपायचा. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांची झुंज एका परीनं या म्हणीशीच होती. मूल दैवावर सोडू नका, हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पुढे सरकारच्या कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर आला आणि ही म्हण हळूहळू बोलण्यातून गेली.

आता चारा घेऊन सरकार उभं आहे आणि चोची कमी होत चालल्या आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली, गोव्यात १.३. पिढीच्या जागी तेवढीच पिढी यायची तर साधारण २.१ लागतात. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ साली टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार मोफत सुरू झाले. मूल हवं आहे पण खाजगी दवाखान्याचं बिल झेपत नाही, अशा जोडप्यांसाठी हे फार मोलाचं काम आहे. ते सगळीकडे व्हावं असं मला मनापासून वाटतं. २०१७ पासून कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं आहे. पण चार घरी स्वयंपाक करणारीला ही रजा कोण देणार? रोजानं कांदा काढायला जाणारीचं पाळणाघर कुठल्या बांधावर? आणि हे सगळं सगळ्यांना मिळालं, तरी? दक्षिण कोरिया २००६ पासून योजनांमागून योजना आखतो आहे, त्यावर अमाप पैसा ओततो आहे. २०२३ साली तिथला आकडा ०.७२ वर आला.

म्हण पुन्हापुन्हा घोळवताना लक्षात येतं की तिच्यात एक जण नाहीच. चोच देणारा आहे, चारा देणारा आहे. मधलं अंतर तुडवून तो चारा चोचीपर्यंत नेतं कोण?

आमच्या इमारतीमागच्या करंजावर सातभाईंचा थवा असतो. मातकट रंगाचे, फिकट डोळ्यांचे, सतत कलकल करणारे हे पक्षी वाळका पाला उलथापालथा करत जमिनीवरून टुणटुणत असतात. परवा एक जण चोचीत अळी धरून फांदीवर आला, इकडेतिकडे बघून पानांत शिरला, वासलेल्या चोचीत ती अळी कोंबली आणि उडाला. तो जातो न जातो तोच दुसरा आला, मग तिसरा. पक्षी अभ्यासणारे सांगतात की सातभाईंची पिल्लं एकट्या आईबापांच्या जिवावर वाढत नाहीत, थव्यातले बाकीचेही त्यांना भरवतात. मी कितीतरी वेळ खिडकीशी उभी राहिले. वाटलं, हेच तर आपल्याकडून गेलं. आजी, आत्या, काकू, शेजारच्या वहिनी. रजा संपल्यावर सहा महिन्यांचं बाळ घेऊन आज एकटीच उभी असलेली मुलगी पूर्वी एकटी नसायची.

आणि तेवढ्यात मोठी मावशी आठवली.

सात भावंडांत ती थोरली. चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण आजीला लागोपाठ बाळंतपणं होती. पाय लांब करून त्यावर धाकट्या मामाला आडवं घ्यायचं, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा हात धरायचा आणि दुसऱ्या हातानं तांब्या ओतायचा, हे तिला दहाव्या वर्षी जमत होतं. आई ते कौतुकानं सांगायची. मावशीनं स्वतः मात्र एकावर थांबवलं. एकदा मी कारण विचारलं, तर परातीतली कणीक मळता मळता म्हणाली, "माझी चार वाढवून झाली होती गं. आणखी किती?"

ज्या थव्यासाठी मी हळहळत होते, त्या थव्यात मावशी होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. सातभाईंना असं काही वाटत असेल का, मला ठाऊक नाही. आजही पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना महिन्याकाठी काय उरतं, सुनेची नोकरी टिकावी म्हणून गाव सोडून शहरात आलेल्या आजीला तिथं राहायचं होतं का, हे कुठल्याही योजनेच्या कागदावर दिसत नाही. उपचार, रजा, पाळणाघरं, सगळं हवंच. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण चारा वाहणाऱ्या प्रत्येकीला आधी विचारायचं ठरवलं, तर किती जणी हो म्हणतील? कदाचित १.७ चा आकडा आणखी खाली जाईल. तो गेला तर वाईट झालं म्हणायचं, की एक जुनं देणं फिटलं म्हणायचं, हे मला आता पहिल्याइतकंही सांगता येत नाही.