गनिसनच्या काळ्या दरींत

ज्यांच्या चुलीवर मासळी कधीं चढली नाहीं, त्यांनीं मासे धरण्याच्या खेळाविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. परंतु अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत गनिसन नदीची जी 'काळी दरी' आहे, तिचें वर्णन हा खेळ वगळून पुरें होत नाहीं. शिवाय तेथील एक नियम मोठा विलक्षण आहे : 'रेनबो' म्हणजे इंद्रधनुषी ट्राउट मासा गळास लागला, तर तो परत नदींत सोडलाच पाहिजे. सोडावयाचाच, तर धरावयाचा कशाला? हा प्रश्न मनांत घेऊनच आम्ही त्या दरींत उतरलों.

याहून खोल दऱ्या जगांत आहेत, रुंद तर पुष्कळच आहेत. पण इतकी खोल, इतकी अरुंद आणि इतकी सरळ तुटलेली दरी क्वचितच आढळेल. वॉर्नर पॉइंटपाशीं कांठापासून पाण्यापर्यंत २७२२ फूट अंतर आहे, आणि एके ठिकाणीं तळाशीं दोन्ही बाजूंचे खडक अवघ्या ४० फुटांवर येतात. तेथें ऊन थोडाच वेळ उतरतें, म्हणून हें नांव. १९०१ सालीं फेलोज व टॉरेन्स हे दोघे गृहस्थ हवा भरलेली रबरी गादी घेऊन या पाण्यांत शिरले आणि ९ दिवसांत ३३ मैल गेले. शेजारच्या खोऱ्यांतील कोरड्या शेतांस हें पाणी नेतां येईल काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. १९०९ सालीं ५.८ मैलांचा बोगदा खुला झाला. दरीस १९३३ सालीं राष्ट्रीय स्मारकाचा व १९९९ सालीं राष्ट्रीय उद्यानाचा मान मिळाला.

तळाशीं जाण्यास परवाना लागतो. बांधलेली वाट मात्र नाहीं. आम्ही धरलेली उतरण मैलभराची, पण तेवढ्यांत १८०० फूट खालीं नेणारी. मध्यें ८० फूट लांबीची लोखंडी साखळी आहे. तिला धरून, निसटत्या दगडांवर पाय रोवीत उतरावें लागतें. सह्याद्रीच्या घाटवाटा पायांखालून घातलेल्या असूनही आमचे गुडघे थरथरूं लागले. खालीं पोंचल्यावर पाण्याच्या गर्जनेपुढें एकमेकांचें बोलणें ऐकूं येईना.

आमच्यासोबत त्याच मुलखांतले एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनीं काठी बाहेर काढण्यापूर्वीं पाण्यांतला एक दगड उलटून त्याच्या पोटाशीं चिकटलेले किडे आम्हांस दाखविले. हे किडे पाण्यांत वर्षानुवर्षें राहतात आणि जूनच्या सुमारास खडकांवर चढून, कात टाकून, पंख फुटून उडूं लागतात. मासे त्यांवर तुटून पडतात. पिसें व दोरा गळावर गुंडाळून अशाच किड्याची हुबेहूब प्रतिमा करावयाची, हें या विद्येचें मर्म. ही 'माशी' इतकी हलकी असते कीं, ती फेंकतां येत नाहीं. जड दोरच हवेंत मागें-पुढें झुलवून तिला पाण्यावर अलगद ठेवावें लागतें. तासभराच्या खटाटोपानंतर एक रेनबो लागला. गृहस्थांनीं हात ओले केले, मासा पाण्यांतच धरून गळ सोडविला. कुशीवरचा गुलाबी पट्टा क्षणभर चमकला आणि मासा दिसेनासा झाला.

यांस 'जंगली' ट्राउट म्हणतात, कारण ते याच नदींत जन्मतात. परंतु रेनबो मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा आणि त्याचा सोबती 'ब्राउन' ट्राउट युरोपांतला. दोघेही माणसांनीं आणून सोडलेले. येथला मूळचा 'कटथ्रोट' या पाहुण्यांपुढें मागें हटला. पुढें युरोपांतूनच आलेल्या एका परोपजीवी जंतूनें १९९० नंतरच्या दशकांत रेनबोची पिल्लें गरगर फिरवून मारलीं आणि येथला त्यांचा वंश जवळजवळ बुडाला. आतां कुठें रोगास दाद न देणारी पिढी दिसूं लागली आहे. वरच्या अंगास १९६६ ते १९७६ या काळांत तीन धरणें झालीं. त्यांच्या तळांतून येणाऱ्या थंड पाण्यावर हे मासे पोसतात, पण वसंतांतले पूर त्याच धरणांनीं अडविले. ते पूर कांहीं अंशीं तरी यावेत, म्हणून नदीच्या कैवाऱ्यांस कोर्टांत झगडावें लागलें. २००८ सालीं दरीच्या पाण्याचा हक्क ठरला.

आमचा प्रश्न आम्ही त्या गृहस्थांस विचारला. ते म्हणाले, "जो मासा हातांत घेऊन सोडला, त्याच्या पाण्यासाठीं माणूस भांडतो." उत्तर प्रामाणिक होतें, तरी त्यानें आमचें पुरतें समाधान झालें नाहीं. गळ लागतो तो लागतोच, आणि केवळ मौजेसाठीं जिवाला दिलेली वेदना सोडून दिल्यानें पुसली जात नाहीं. काठी हातीं घ्यावी असें आम्हांस वाटलें नाहीं.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महाडजवळच्या वाळणकोंडींतले मासे देवी वरदायिनीचे, म्हणून त्यांस कोणी हात लावीत नाहीं. ही श्रद्धा मोठी आहे. पण कोंडीच्या पलीकडे वाहणाऱ्या नदीची चौकशी आपल्यांपैकीं किती जण करतात? त्या गृहस्थांस मात्र आपल्या नदींतला दगड उलटतांच कोणता किडा कधीं पंख फोडील, पाणी किती आलें व किती अडविलें गेलें, हें सारें ठाऊक होतें. गळ त्यांचा त्यांस लखलाभ असो. नदीची एवढी ओळख मात्र आपणही करून घ्यावी.