सरावलीतली सकाळ

भिवंडीहून नातेवाइकांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाईजान, अजून सरावलीतच?" दुसरा प्रश्न हल्लीचा आहे, "आणि अजून धावता?" दोन्हींचं उत्तर 'होय' असंच आहे. ते असं का, हे जरा सविस्तर सांगावं म्हणून हा लेखप्रपंच.

सरावली हे डहाणू तालुक्यातलं गाव. डहाणू रोड स्टेशन जवळ असल्यामुळे बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं हाताशी. 2013 पासून चर्चगेटच्या लोकलही डहाणू रोडपर्यंत येतात. आम्ही जवळच्याच एका पाड्यावरच्या मराठी शाळेत शिकवतो. घरात उर्दू, शाळेत मराठी आणि मुलांच्या तोंडी वारली बोली, असा आमचा दिवस तीन भाषांत जातो. पण खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं आम्ही इथे पाहुण्यासारखेच राहिलो. शाळा, घर आणि शनिवारी दुपारी भिवंडीची वाट. गाव पाहिलंच नव्हतं.

गाव दिसलं ते साखरेमुळे. आमच्या अब्बांचा मधुमेहाने शेवटी एक पाय गेला, मग वर्षभरात अब्बाही गेले. म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी आमच्याही रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची साखर 168 आली तेव्हा बेगमने काही न बोलता साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. आम्ही घाबरून धावायलाच लागलो.

फजरची नमाज झाली की निघायचं. पहिल्या दिवशी मोळी घेऊन बाजाराला निघालेल्या बायकांनी विचारलं, "गुरुजी, गाडी चुकली का?" आठवडाभर कुत्री मागे लागली, नंतर त्यांनाही सवय झाली. रस्त्याला लागून चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इतका नावाजलेला चिकू चहूबाजूंनी, आणि आम्हाला मात्र मनाई! जुम्म्याच्या दिवशी अर्धा मिळतो, तोही बेगम स्वतःच्या हाताने कापून देते. रविवारी समुद्रापर्यंत जातो. तिथे सुरूच्या झाडांखाली बसून घाम वाळवायचा. एका बाजूला औष्णिक वीज केंद्राची उंच चिमणी दिसते, समोर मासेमारीच्या होड्या.

याच वाटेवर एका सकाळी आमचा चौथीतला एक मुलगा भेटला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे आम्ही कित्येकदा 'गैरहजर' लिहिलं होतं. आई झाडावरचे चिकू जाळीच्या काठीने उतरवत होती आणि हा धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन उभा होता. आम्हाला पाहून तो झाडामागे लपला. आम्हालाच लाज वाटली. शाळेतून त्याचं घर कितीसं लांब, पण आम्ही कधी गेलो नव्हतो.

शिक्षकाने मुलाच्या दारी जावं ही गोष्ट याच तालुक्यात केव्हाच करून दाखवली गेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, म्हणून त्यांनी 'कुरणशाळा' भरवली. बी.एड.ला हे आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. कोसबाडपासून इतक्या जवळ राहून ते आठवायला मात्र एवढी वर्षं लागली.

गेल्या दिवाळीत अम्मी घरात पडल्या. भाऊ म्हणाले, बदली घ्या. आम्ही आंतरजिल्हा बदलीच्या अर्जाची कागदपत्रं काढून बसलो. त्याच आठवड्यात तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, आम्ही पण भिवंडीला चाललो. वीटभट्टीवर." दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं अशी भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलांचं अर्धं वर्ष वाया जातं. एकाच गावाहून एकाच गावाला आम्ही दोघे निघालो होतो. आम्ही सोयीसाठी, तो पोटासाठी.

दोन संध्याकाळी त्यांच्या अंगणात बसून बोललो. आई-बाप धाकटीला घेऊन गेले, मुलगा आजीपाशी राहिला. त्याला रोज सकाळी घेऊन शाळेत न्यायचं, ही जबाबदारी आमच्यावर आली. आता परतीच्या वाटेवर त्याचं घर लागतं. तिथून तो अनवाणी आमच्या पुढे धावतो आणि वळणावर थांबून हसतो. आमच्या घरी चहा-चपाती होते. आमचा जुना छंद खत्तातीचा. बोरूने अलिफ-बे लिहिताना पाहून त्याने एक दिवस बांबूची काडी चावून तिचा ब्रश करून दाखवला. त्यांच्याकडे भिंतीवरची चित्रं अशाच काडीने काढतात. आता टेबलावर त्याची काडी आणि आमचा बोरू एकाच पेल्यात असतात.

अम्मींना आम्ही इकडेच आणलं. अर्ज मुदतीत भरला नाही. भाऊ नाराज आहेत, आणि त्यांचंही चुकत नाही. अम्मींना तिथल्या शेजारणींची आठवण येते, कधी रात्री त्या गप्प बसतात. लेक बारावीत आहे, पुढच्या वर्षी तीही लोकलने मुंबईकडे जाईल. निर्णय बरोबर की चूक, हे आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

साखर मागच्या महिन्यात 118 आली. बेगमने डबा अजून वरच ठेवला आहे. काल पाऊस होता म्हणून आम्ही निघायला टाळाटाळ करत होतो, तर अम्मींनी ओट्यावरून विचारलं, "आज बच्चे को लेने नहीं जाना क्या?" आम्ही मुकाट्याने बूट चढवले.