जिन्याच्या बाहेरून आलेले हात

परळला उतरून एल्फिन्स्टन रोडच्या बाजूला बाहेर पडायचं, तर रेल्वेचा पादचारी पूल ओलांडावा लागायचा. गिरण्या चालू होत्या तेव्हा इथली गर्दी पाळीच्या भोंग्याप्रमाणे यायची आणि जायची. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, त्यांच्या आवारात काचेचे टॉवर उभे राहिले आणि माझ्यासारखे हजारो लोक गळ्यात ओळखपत्र अडकवून त्या टॉवरांत कामाला येऊ लागले. माणसं वाढली, पुलाचा जिना होता तेवढाच राहिला. शिवाय केईएम, टाटा, वाडिया ही इस्पितळं त्याच भागात, त्यामुळे एक्स-रेची मोठी पाकिटं छातीशी धरून पत्ता विचारत जाणारे गावाकडचे लोकही त्याच जिन्यावर. फुलांची गाठोडी नेणारे, धुण्याभांड्यांच्या कामाला निघालेल्या बायका, कॉलेजची मुलं, डबेवाले, सगळे एकमेकांना खांदे घासत जायचे. इतक्या जवळून जाणारी माणसं एकमेकांशी कधी चार शब्द बोलत नाहीत, हे मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार. खंडेनवमी होती, दुसऱ्या दिवशी दसरा. नवरात्रातला त्या दिवशीचा रंग आम्हां बहुतेक बायकांच्या अंगावर होता. कुणाची बुटिकमधली कुर्ती, कुणाची रस्त्यावर घेतलेली नायलॉनची साडी, पण रंग एकच. सकाळचे साडेदहा होत आले होते आणि पाऊस अचानक धो धो कोसळायला लागला. छत्र्या नसलेले लोक जिन्याच्या तोंडाशी, छपराखाली थांबले. खालचे उतरेनात आणि मागून लोकलमागून लोकल रिकामी होत होती.

आधी रोजची रेटारेटी वाटली. मग लक्षात आलं की माझे पाय पायरीला टेकत नाहीयेत. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मला तसंच अधांतरी उचलून धरलं होतं, आणि त्यांचेही पाय बहुधा टेकत नव्हते. अशा गर्दीत माणूस पायाखाली तुडवला जाऊन मरतो अशी आपली समजूत असते. बहुतेक जण श्वास कोंडून जातात, अनेकदा उभ्याउभ्या. श्वास सोडला की छाती जेवढी आत जाते, तेवढीच जागा तिला उरते. पुढचा श्वास घ्यायला ती पुन्हा फुगत नाही. हे मी नंतर वाचलं, पण माझ्या छातीला ते त्या जिन्यावरच कळलं होतं.

माझ्या उजव्या हाताला झेंडूचं गाठोडं घेतलेला एक माणूस होता. पन्नाशीचा असेल. तो म्हणाला, "ताई, हात छातीपुढे घ्या. दोन्ही. ओरडू नका, दम जाईल." मी हात कसेबसे वर ओढले आणि भिंतीसारख्या त्या गर्दीत बोटभर पोकळी झाली. त्याच वेळी त्याने डोक्यावरचं गाठोडं कठड्यावरून बाहेर ढकललं. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचं झेंडूचं गाठोडं म्हणजे काय, हे फुलवाल्याला विचारावं. वर्षातला तो सर्वांत मोठा धंदा, अनेकदा उधारीवर उचललेला माल. त्याने ते फेकलं आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी कठड्याचा गज पकडला. त्याच्या हातांच्या मध्ये मी होते आणि एक कॉलेजची मुलगी होती. मागचं सगळं वजन तो पाठीवर घेत होता. त्याचा श्वास माझ्या कानाशी घरघरत होता, मध्येच थांबत होता, पण गज त्याने सोडला नाही.

माझ्या लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा गळ्याला आवळत चालला होता. खालच्या पायरीवरच्या एका बाईने मान वळवताही येत नसताना हात मागे करून चाचपत त्याचं बक्कल काढलं. तिचा चेहरा मला दिसलाच नाही. फक्त हिरव्या काचेच्या बांगड्या आणि साबणाने भेगाळलेली बोटं दिसली. चारेक पायऱ्या खाली, निळा शर्ट, गळ्यात आमच्याच बाजूच्या कुठल्यातरी कंपनीचं ओळखपत्र, असा एक तरुण होता. एक्स-रेचं पाकीट घेतलेल्या एका आजींना त्याने काखेत हात घालून वर धरलं होतं, त्यांचं तोंड गर्दीच्या वर राहावं म्हणून. "आजी, डोळे उघडे ठेवा. माझ्याकडे बघा," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

मग बाहेरून हात आले.

खाली फुटपाथवर धंदा लावून बसणारे लोक जिन्याच्या बाहेरच्या अंगाने चढले होते. पाय ठेवायला मिळेल त्या कडेवर उभे राहून, एका हाताने कठडा धरून ते दुसऱ्या हाताने माणसं बाहेर ओढत होते. मला दोघांनी दंडाला धरून कठड्यावरून उचललं. खाली कुणीतरी हातगाडी लावली होती, तिच्यावर उतरवलं. मी वर पाहिलं तेव्हा फुलवाला त्या कॉलेजच्या मुलीला कठड्यावरून पुढे करत होता. तिच्यानंतर त्याला ओढलं. तो खाली आला, गुडघ्यांवर हात टेकून थोडा वेळ खोकला आणि पुन्हा त्याच जिन्याच्या बाहेरून वर चढला.

एका मावशीने मला आपल्या निळ्या प्लास्टिकवर बसवलं. झेंडू आणि आपट्याची पानं तिने हाताने एका कडेला सारली. माझी कुर्ती खांद्यापासून कमरेपर्यंत फाटली होती, याची मला शुद्ध नव्हती, तिला होती. शेजारणीला आडोसा धरायला सांगून तिने आपली शाल माझ्याभोवती गुंडाळली, पाणी पाजलं आणि तळपाय चोळत बसली. माझी पर्स वरच राहिली होती. "घरचा नंबर पाठ आहे का?" तिने विचारलं. डोंबिवलीच्या घरचा लँडलाइनचा तेवढा आठवत होता. तिने आपल्या बटणांच्या फोनवरून तो लावला, माझ्या सासूबाईंशी स्वतःच बोलली. "तुमची सून चांगली आहे. माझ्याजवळ बसलीय. टीव्ही लावू नका." मग उठून तिने फुलं झाकायची चादर झटकली आणि जिन्याकडे दिली. तशा चादरींतून, साड्यांतून त्या दिवशी माणसं उचलून नेली गेली.

एका टॅक्सीवाल्याने मला आणि आणखी दोघींना केईएमला सोडलं. त्याने मीटर पाडलाच नव्हता. इस्पितळात रक्त द्यायला लोकांची रांग लागली होती. ऑफिसातून तसेच आलेले लोक आणि जवळच्या चाळींतले लोक एकामागे एक उभे होते. निळ्या शर्टातला तो तरुण मला तिथे पुन्हा दिसला. आजींचा मुलगा येईपर्यंत तो त्यांच्या खाटेशी उभा होता, त्यांचं पाकीट सांभाळत.

त्या जिन्याने तेवीस माणसं नेली.

सर्वनाशाच्या क्षणी माणूस जनावर होतो, असं आपण सहज बोलून जातो. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातले जॉन ड्रुरी यांनी २००५च्या लंडन बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांशी बोलून याचा अभ्यास केला. अनोळखी लोक अशा वेळी एकमेकांना 'आपलं' मानू लागतात आणि मदत करतात, असं त्यांना दिसलं. मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही. आमच्या जिन्यावर लोक एकमेकांना मारत नव्हते. जिना त्यांना मारत होता.

पुढचं मात्र मला आजही सहन होत नाही. रेल्वेच्या चौकशीत मुख्य कारण पाऊस ठरलं, आणि शहराचा राग वळला फेरीवाल्यांवर. मोर्चे निघाले, मुदती दिल्या गेल्या, ऑक्टोबरमध्ये स्टेशनांबाहेरच्या फेरीवाल्यांना मारहाण झाली, त्यांचा माल रस्त्यावर फेकला गेला. १ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने स्टेशनांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले बसू नयेत असं सांगितलं. वाट मोकळी हवी, हे मला मान्य आहे, मी स्वतः रोज तिथून चालते. पण फुलवाल्या मावशीने तो जिना बांधला नव्हता, आणि तो रुंद करणं तिच्या हातात नव्हतं. मी शाल परत द्यायला गेले तेव्हा तिची जागा रिकामी होती. आसपास चौकशी केली, कुणी भायखळा म्हणालं, कुणी दादर. गाठोडेवाल्याचाही पत्ता लागला नाही.

पुढे लष्कराने तिथे नवा पूल बांधला, २७ फेब्रुवारी २०१८ला तो खुला झाला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. नव्या पुलावरून आता चालता येतं.

त्या सकाळी तुम्ही त्या जिन्यावर असाल, तर एक करा. तुम्हाला कुणी बाहेर ओढलं, तो काय विकत होता, कुठे बसत होता, हे आपल्या घरात, ऑफिसात, जिथे फेरीवाल्यांचा विषय निघेल तिथे सांगा. त्यांच्या बाजूने साक्ष देणारे आपणच आहोत.