मधल्या खोलीतला डबा

नया बाजारातल्या आमच्या घरात संध्याकाळ झाली हे घड्याळ बघून कळत नसे. दादा मधल्या खोलीत डब्याचं बटण दाबायचा. आधी पंखा घरघरायचा, मग एक बीप, मग पडद्यावर ‘एफ वन दाबा’ आणि तारीख १ जानेवारी २००२. आतला नाण्याएवढा सेल केव्हाच संपला होता. मिळत होता कुठेही, पण तो बदलायला घरात कुणाला सवड झाली नाही. आमच्याकडे रोजच नवीन वर्ष उजाडायचं.

डबा म्हणजे २००५ सालचा पेंटियम फोर कॉम्प्युटर, ८० जीबीची डिस्क. काकांनी दुकानाच्या हिशेबाला आणला आणि वर्षभरात तो गाण्याला लागला. त्याला कारण आबांच्या कॅसेट.

आमच्या गावाला आम्ही घरात ग्वाल्हेर म्हणतो, जिना उतरलं की ग्वालियर. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये इथे गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकारानं माधव संगीत महाविद्यालय निघालं. गावातल्या लष्कर भागातल्या मराठी घरांत निदान एक पोर तरी पेटीपाशी बसवलं जायचं. आमच्याकडे गवई एकही निपजला नाही. ऐकणारे मात्र तीन पिढ्या झाले, आणि ऐकणाऱ्यांचा तोरा गवयापेक्षा मोठा.

शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम. आबा नऊ वाजताच नव्वदची कॅसेट घालून बसायचे. टू-इन-वनला हात फक्त त्यांचा. आम्ही भिंतीला टेकून, तोंडं बंद. बरोबर पंचेचाळीस मिनिटांनी एक बाजू संपायची, आणि नेमका तेव्हाच ख्याल रंगात आलेला असायचा. खट्. आबांची बोटं धावायची, बाजू पलटायची, पुन्हा खट्. तेवढ्यात चार-पाच सेकंदांचं गाणं कायमचं निसटायचं. त्या ‘खट्’नंतर आबा हळूच ‘छे’ म्हणायचे. तेही कॅसेटवर आहे.

अशा एकशेचाळीस कॅसेट दादानं डब्यात उतरवल्या. यात घाई चालत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वदच मिनिटं लागतात. बाजू पलटायला आम्हाला बसवायचा आणि एका कॅसेटमागे खालच्या बहादुरा मिठाईवाल्याचा एक लाडू द्यायचा. (अटलजींनाही हेच लाडू आवडत, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो. तुम्हालाही सांगितलं.) डिस्क भरेल या धास्तीनं त्यानं एमपी-थ्रीचा दर १२८ ठेवला, म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी. सगळा खजिना जेमतेम बारा जीबी झाला. जागा उरली, आवाज मात्र जरा पातळ झाला. दादा आजही यावर बोलत नाही. नावं त्यानं रोमन लिपीत टाकली आणि मालकंसाची स्पेलिंगं पाच झाली. मालकंस हवा असेल तर पाच ठिकाणी शोधायचा.

डबा पंधरा वर्षं चालला. जून महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की बिचारा आपणहून बंद पडायचा. झाकण काढून आत टेबलफॅन सोडायचा, वर्षातून एकदा दाढीच्या ब्रशनं धूळ झाडायची. लाईट गेली की गाणं तिथेच मरायचं, कारण इन्व्हर्टरला तो झेपत नव्हता.

शेवटी पुण्याहून भाचा आला आणि त्यानं खिशातून रास्पबेरी पाय काढलं. एटीएम कार्डाएवढी कॉम्प्युटरची पाटी, मोबाईलसारखा चार्जर. मोठ्या काकू म्हणाल्या, ‘‘हे काय, डब्याचं पिल्लू?’’ त्यानं त्यावर व्होल्युमिओ हा गाणी वाजवणारा प्रोग्राम चढवला, गाण्यांची डिस्क वेगळी जोडली, तार जुन्या ॲम्प्लिफायरला लावली. पहिल्यांदा कृष्णराव पंडित लावले तर मागे सरसर. ती आबांच्या फितीची की या पाटीची, यावर दोन दिवस वाद झाला. मग भाच्यानं वर आवाज सुधारणारी डॅकची एक चिमुकली पट्टी बसवली. निम्मी सरसर गेली. उरली ती आबांची.

त्याला तीही काढायची होती. आवाज स्वच्छ करायचा एक प्रोग्राम आहे म्हणे. खट्, छे, कुकरच्या शिट्ट्या, आजीचा खोकला, सगळं पुसतो. त्या दिवशी आमच्यातली पुणे, इंदूर आणि न्यू जर्सीची सगळी भावंडं फोनवर एकदम बोलली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकमतानं बोलली. हात लावायचा नाही.

आता ते पिल्लू चार-पाच वॉटवर रात्रभर चालतं, लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर. बटण नाही. ज्याच्या हातात फोन त्याचं राज्य. काका भीमपलास लावतात, वहिनी स्वयंपाकघरातून तो बदलून मुकेश लावते, आणि ओरडायला आबा नाहीत. डब्यासारखी घरघर करत नसल्यामुळे ते चालू आहे की बंद हेच समजत नाही. काकू येता-जाता त्यावर हात ठेवतात, पोराचा ताप बघतात तसा. गरम लागलं की म्हणतात, आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात, इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला गेलेली असताना, लाईटनं दिवसात सहा वेळा ये-जा केली आणि पिल्लाचं मेमरी कार्ड गेलं. गाणी डिस्कवर होती म्हणून वाचली. तेव्हापासून डब्यातली जुनी डिस्क काढून काकूंच्या कपाटात, पैठणीच्या घडीत ठेवली आहे. बाकीचा डबा कबाडी घेऊन गेला.

तुमच्या माळ्यावर अशा कॅसेट असतील तर दिवाळीच्या साफसफाईत खाली काढा. पण थेट लावू नका. आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत चिकटून बसते आणि ओढली की तुटते. आमच्या तीन तशाच गेल्या.