जे समीकरणात नव्हतं

आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही गावोगावच्या व्याख्यानमालांत विश्वाच्या उत्पत्तीवर बोललो. या विषयाला आपल्याकडे श्रोता हमखास मिळतो. जयंत नारळीकरांनी तो घराघरांत पोचवून ठेवला आहे. त्या व्याख्यानांत माझ्याकडून चुका झाल्या. आकडा चुकला तर पुढच्या गावी सुधारून सांगता येतो. माझ्या चुका तशा नव्हत्या. विश्वाला काही हेतू आहे का, या प्रश्नाचं उत्तर मी विज्ञानाच्या नावावर देत राहिलो. आधी एका बाजूनं, मग अगदी उलट बाजूनं.

सुरुवातीच्या काळात माझी आवडती गोष्ट होती कार्बनची. ताऱ्याच्या गाभ्यात हेलियमची तीन केंद्रकं एकत्र येऊन कार्बन तयार होतो. हे पुरेशा वेगानं घडायचं तर कार्बनच्या केंद्रकाला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जापातळी असावी लागते. ती असलीच पाहिजे, असं फ्रेड हॉइल यांनी १९५३ साली सांगितलं आणि कॅल्टेकमधल्या प्रयोगांत ती खरोखर सापडली. मी सांगायचो, ‘आपण जिवंत आहोत, म्हणून ती पातळी असणारच, हे हॉइलनी ताडलं. म्हणजे हे विश्व आपल्यासाठीच बेतलेलं आहे.’ सभागृह भारावून जायचं.

पुढे त्या शोधाचा इतिहास नीट वाचला. १९५३ साली हॉइल यांच्यापुढचा प्रश्न ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी शिजतात हा होता. विश्वात कार्बन भरपूर दिसतो, तो आला कुठून, एवढंच त्यांना हवं होतं. माणसाच्या अस्तित्वाशी त्या भाकिताची सांगड घालण्याचं काम बरंच नंतर झालं. हॉइल स्वतः उतारवयात या सगळ्यामागे बुद्धी असावी अशा मताला आले, हे खरं. पण ते त्यांचं मत होतं, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हता. मी दोन्ही एकत्र करून लोकांच्या हातात दिलं.

त्याच काळात नासदीय सूक्तात महास्फोटाचा सिद्धांत आहे, असंही मी ठोकून द्यायचो. एका कार्यक्रमानंतर संस्कृतच्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘सर, शेवटची ऋचा वाचलीत का?’ मी वाचली नव्हती. घरी येऊन वाचली. सृष्टी कुठून आली हे तिच्या अध्यक्षालाही ठाऊक असेल किंवा नसेल, अशा शंकेवर ते सूक्त थांबतं. ज्यांनी प्रश्न इतक्या धीरानं उघडा ठेवला, त्यांच्या तोंडी मी तयार उत्तर घातलं होतं. याची लाज मला अजून वाटते.

मग १९९८ साल आलं. दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून कळलं की विश्वाचं प्रसरण मंदावत नाही, त्याचा वेग वाढतो आहे. मी आता उलट टोक गाठलं. तारे विझतील, दीर्घिका एकमेकींच्या नजरेआड जातील, उरेल तो थंड अंधार. ‘म्हणून या सगळ्याला काही अर्थ नाही, हे विज्ञानानं सिद्ध केलं आहे’. हे वाक्य मी वर्गातही म्हणालो. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘सर, शेवटी काही उरणार नाही म्हणून आज अर्थ नाही, हे कोणत्या समीकरणातून येतं?’ मी तिला ‘मोठी झालीस की कळेल’ म्हणून खाली बसवलं. त्यानंतर तिनं माझ्या तासाला प्रश्न विचारला नाही. माझ्या सगळ्या चुकांत ही सर्वांत मोठी, कारण तिचा प्रश्न बरोबर होता. ते कोणत्याही समीकरणातून येत नाही.

याची उदाहरणं माझ्यासमोरच होती. ऊर्जा विखुरत जाते आणि पृथ्वी कधीतरी राहण्याजोगी उरणार नाही, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ सालीच मांडलं होतं. त्यांची ईश्वरावरची श्रद्धा त्यानं ढळली नाही. विश्वाचा असाच ओसाड शेवट डोळ्यांपुढे ठेवून स्टीव्हन वाइनबर्ग १९७७ साली ‘द फर्स्ट थ्री मिनिट्स’च्या अखेरीस हेतुशून्यतेपाशी पोचले. दोन वर्षांनी फ्रीमन डायसन यांनी त्यांना गणितानं उत्तर दिलं: विश्व सतत पसरत राहिलं तरी जीवन आपला वेग कमी करत अनंत काळ टिकू शकेल. प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे कळल्यावर ते गणितही अडचणीत आलं. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी महास्फोटात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा अस्वस्थ झाले ते जॉर्ज लमेत्र, म्हणजे ज्यांनी तो सिद्धांत मांडला तेच, आणि स्वतः कॅथलिक धर्मगुरू. भौतिकशास्त्रातलं गृहीतक श्रद्धेच्या पायाखाली घालू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे सगळं मी वाचलं होतं, व्याख्यानात किस्से म्हणून सांगतही होतो. स्वतःला मात्र लावून पाहिलं नाही.

आणि शेवटाबद्दलचं ज्ञान तरी कुठे पक्कं आहे? विद्यार्थिदशेत आम्ही शिकलो की घनता पुरेशी असेल तर विश्व पुन्हा आकुंचन पावेल. १९९८ नंतर ते मागे पडलं. २०२४ आणि २०२५ मध्ये ‘डेसी’ या सर्वेक्षणातून आलेले संकेत खरे ठरले, तर प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जाही काळानुसार बदलत असावी. आयुष्याचा अर्थ विश्वाच्या अंतिम अवस्थेला बांधणाऱ्यानं दर नव्या मोजमापासरशी तो बदलायचा का?

आज कुणी विचारलं तर मी माझं मत सांगतो. संपूर्ण विश्वाला हेतू असल्याचं मला दिसत नाही. हेतू त्याला असतो, ज्याला काही हवं असतं. आणि हवं-नकोपण १३.८ अब्ज वर्षांच्या या इतिहासात, आपल्याला ठाऊक आहे तेवढ्यापुरतं, सजीवांबरोबर आलं. हे माझं मत आहे. माझ्या विषयातला कुणी सश्रद्ध माणूस तीच समीकरणं सोडवून वेगळं म्हणेल, आणि त्याच्या समीकरणांत चूक नसेल.

विज्ञानावर बोलणाऱ्या तरुण मित्रांना एक विनंती आहे. ‘मग हे सगळं कशासाठी?’ असं कुणी विचारलं, तर भौतिकशास्त्र कुठे संपलं हे आधी स्पष्ट सांगा. मगच स्वतःचं मत सांगा, आणि विचारणाऱ्याला खाली बसवू नका.